भोंगा घ्यायचा, पण वाजवून घ्यायचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीतला शेवटचा विषय भोंग्याचा. जिल्ह्याच्या गावी एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सेलवर चालणारा जुना हातभोंगा विकायला आहे. अहुजाचा, आठ मोठ्या सेलचा, खांद्याला पट्टा, गुंडाळीच्या वायरीला माईक. दुकानदार बाराशे सांगतो. पोरांचे म्हणणे, घेऊन टाका. खजिनदारांचे म्हणणे, मोबाईलच्या जमान्यात हे मढे कशाला? दोघांचेही ऐकले, आता आमचे ऐका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हमीभावाच्या एका कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची लाईन लागली होती, फाटकापासून पार डांबरी रस्त्याच्या वळणापर्यंत. दुपारी आवई उठली की उद्यापासून खरेदी बंद. आम्ही आत जाऊन विचारून आलो. तसे काही नव्हते. मोबाईलवर निरोप टाकला, पण लाईनीतल्या निम्म्या लोकांचे फोन रात्रीच्या जागरणाने मेलेले. मग उसना आणलेला भोंगा तोंडाला लावला आणि फाटकातूनच ओरडलो, "उद्या खरेदी बंद राहणार नाही!" पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना ऐकू आले, "उद्या खरेदी बंद राहणार." सेल उतरलेले, आमचा दमही उतरलेला, आणि आपल्या मराठीचा 'नाही' बसतो वाक्याच्या शेपटाला. ते शेपूट वाऱ्यावर गेले. वळणावर व्यापाऱ्याची माणसे उभीच होती. रात्रीतून मागच्या अकरा गाड्या पडेल भावात मोकळ्या झाल्या. सकाळी फाटक उघडले. त्या अकरांतला एक जण आमच्याजवळ आला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर सांगितलं." त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

तेव्हापासून भोंग्यावर आम्ही 'नाही' म्हणत नाही. "खरेदी चालू. उद्या चालू. थांबा." असे तुकडे करायचे, तीनदा बोलायचे, आणि एका जागी उभे राहून नाही तर लाईनीच्या कडेने चालत. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. मग गळा फाडून काय उपयोग? वारा पाठीशी घ्यायचा. शेवटच्या गाडीपाशी आपला माणूस उभा करायचा आणि काय ऐकू आले ते त्याच्याकडून वदवून घ्यायचे. आणखी एक, छोट्या कर्ण्यातून पुरुषांचा घोगरा आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. बायकांचा आवाज स्वच्छ जातो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. तरी भोंगा हाती आला की सोडायला पुरुष तयार नसतात! कृषी महाविद्यालयात विस्तारशिक्षणाचा अख्खा विषय शिकलो, पण माईक कोणाच्या हाती द्यावा ते तिथे कोणी सांगितले नाही.

आता घेताना काय पाहायचे. आपण बियाणे ओल्या गोणपाटात शंभर दाणे उगवून पाहतो ना, तसेच हे. दुकानात वाजवलेला भोंगा चांगलाच वाटतो. बाहेर रस्त्यावर न्या, एकाने शंभर पावले लांब जावे. आधी सेलचा डबा उघडा. जुने सेल आत राहून फुटले असतील तर पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल. वरवरची असेल तर काचपेपरने निघते. पत्रा खाल्ला असेल तर भाव पाडा. वायर गुंडाळी जिथे माईकला मिळते तिथे हलवून पाहा, खरखरली की आतून तुटली आहे. आवाज फाटत असेल तर कर्ण्यामागचा पडदा गेला, तो बदलता येतो, पण त्याचे पैसे बाराशेतून वजा करायचे. सेल नवे घालून पाच मिनिटे सलग बोला. उतरलेला सेल आधी बरा वाटतो आणि जोर पडला की बसतो, म्हणून एका हॅलोवर समाधान मानू नका.

खजिनदारांचा खरा मुद्दा सेलच्या खर्चाचा आहे, आणि तो बरोबर आहे. पण आठ सेल म्हणजे दीड-दीड व्होल्टचे बारा व्होल्ट. आपल्या बॅटरीच्या फवारणी पंपात बारा व्होल्टचीच बॅटरी असते. दोन वायरी, मध्ये फ्यूज, अधिक-उणे सांभाळून जोडले की सेलची गरज संपली. मात्र हे आठ सेलच्या भोंग्यापुरते. सहा सेलचा नऊ व्होल्टवर चालतो; त्याला पंपाची बॅटरी लावाल तर धूर निघेल. डब्यावरचा आकडा वाचूनच जोडा.

हुरड्यावर आलेल्या ज्वारीत पाखरे हाकायलाही भोंगा कामी येईल, असे कोणी तरी मघाशी म्हणाले. येईल, दोन-चार दिवस. पाखरे तोच तो आवाज ओळखतात आणि मग भोंग्याच्याच दांडीवर येऊन बसतात. तिथे गोफणच बरी.

परवानगीचेही ऐकून ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. अर्ज आधी द्या, पोच घ्या. भोंगा जप्त झाला तर सोडवायला बाराशेपेक्षा जास्त चकरा होतील.

तर आमचे मत, घ्यावा, नऊशेपर्यंत द्यावेत. बाजाराच्या दिवशी दोघांनी पाहायला जावे, त्यात एक बाई हवी, कारण बोलायचे तिला आहे. नवे सेल घरून न्यावेत, दुकानदाराचे घालू नयेत. कोण जाते, हात वर करा.