गल्ल्यात बिटकॉइन?

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. अशा गावातल्या दुकानदाराला ‘यूपीआय घेता, तसं बिटकॉइनही घ्या’ म्हणणारे एक गोष्ट हमखास सांगतात: बाकी सगळं ठीक आहे, दुकानदार फक्त कराला भितो.

या भीतीत तथ्य किती?

आभासी चलन घेणं भारतात गुन्हा नाही. बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पुढे 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आला आणि 1 जुलैपासून 1 टक्का टीडीएस.

समजा, गिऱ्हाइकाने 3,000 रुपयांचा किराणा नेला आणि तेवढ्या किमतीचं बिटकॉइन दिलं. वहीत विक्री 3,000 चीच. त्या रकमेवर 30 टक्के लागत नाहीत. पुढे तेच बिटकॉइन 3,400 ला विकलं, तर वरच्या 400 वर 120 रुपये कर आणि थोडा उपकर. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. पण भाव 2,500 वर आला तर? ते 500 रुपये दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या घरात गेलेलं बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांपर्यंत उतरलं होतं. किराण्यातला नफा एवढी घसरण कुठून सोसणार?

टीडीएसचीही गंमत आहे. माल देऊन बिटकॉइन घेणारा दुकानदार कायद्याच्या नजरेत त्याचा खरेदीदार ठरतो, म्हणून कर भरला गेल्याची खात्री त्यानेच करायची. छोट्या व्यापाऱ्याला वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत यातून सूट आहे. शिवाय अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरला जातो, एरवी 8 टक्के. म्हणजे यूपीआय सोडून बिटकॉइन घेणाऱ्याची ही सवलतही जाते.

करापलीकडे विश्वासाचा प्रश्न उरतोच. दरमहा 10 टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात पुण्याबरोबर नांदेडमध्येही गुन्हे दाखल झाले. नांदेड अनसिंगपासून काही फार लांब नाही.

एल साल्वादोरने सप्टेंबर 2021 मध्ये व्यापाऱ्यांवर बिटकॉइन घेण्याची सक्ती केली आणि जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून ती काढून टाकली. आपल्याकडे सक्ती नाही, त्यामुळे दुकानदाराला पटवूनच द्यावं लागेल. त्यासाठी करमाफीची वाट पाहायची गरज नाही. बिल रुपयांत करावं, त्यावर त्या वेळचा भाव लिहावा आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरून त्याच दिवशी रुपये खात्यात घ्यावेत. एवढी सोय करून देणाऱ्याचं म्हणणं अनसिंगचा दुकानदार निदान ऐकून तरी घेईल. मग एक्स्चेंजचं शुल्क कोणी सोसायचं, हा त्याचा पहिला प्रश्न असेल.