पोटखराब्याची राखण



सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, ‘पोटखराबा’. जी जमीन पिकत नाही, नांगराला दाद देत नाही, ती. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यांकडे आपण याच नजरेनं पाहत आलो. आणि ज्याला आपण खराबा म्हटलं, त्याच्याच पोटात बॉक्साइट निघालं. बॉक्साइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल. दुर्गमानवाडीच्या सड्यावर खाण चालली, चंदगडमध्ये कासारसड्यावर चालली. दुर्गमानवाडीचा माल ट्रकांनी बेळगावच्या कारखान्याकडे गेला. साधारण चार-पाच टन बॉक्साइटमधून एक टन अ‍ॅल्युमिनियम मिळतं. म्हणजे आपल्या डेचकीमागं तिच्या चौपट वजनाचा डोंगर उभा असतो.

सडा उन्हाळ्यात खरोखरच ओसाड दिसतो. पण पावसाळा लागला की तोच सडा फुलांनी भरतो. साताऱ्याचं कास पाहिलेल्यांना हे सांगायला नको. फुलं तर डोळ्यांना दिसतात. न दिसणारं काम त्याहून मोठं आहे. जांभा सच्छिद्र असतो. तो चार महिन्यांचा पाऊस पोटात मुरवतो आणि पुढं हळूहळू पायथ्याच्या झऱ्यांतून सोडतो. धनगरवाड्यावरची बाई मार्चमध्ये ज्या झऱ्यावर घागर भरते, त्याचं कोठार वरच्या सड्यात असतं. खाणीत वरचा थर फोडून खालचं बॉक्साइट काढतात. नंतर खड्डे बुजवून झाडं लावतात. झाडं जगतीलही. पण लाखो वर्षांत तयार झालेला तो दगडी स्पंज पुन्हा तयार होत नाही. मुळात सड्यावर दाट झाडी कधी नव्हतीच. तेव्हा झाडं मोजून सडा भरून आला असं म्हणता येत नाही.

राधानगरीचं रान शाहू महाराजांच्या काळात संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अभयारण्याच्या आत खाण नको, हे आज कुणीही मान्य करतं. वाद आहे तो हद्दीच्या बाहेरचा. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीच्या कॅमेऱ्यात टिपलेला एक वाघ डिसेंबर २०२३ मध्ये उत्तरेला चांदोलीत दिसला. मधली वाट अभयारण्याची नाही. ती राखीव जंगलांची, मालकी रानांची, सड्यांची आहे. वाघाला आपली हद्द ठाऊक नाही. पाण्यालाही नाही. २०२३ मध्ये कोल्हापूर शहराच्या नळाला काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट आलं. तेव्हा राधानगरीच्या डोंगरात काय चाललंय, हा आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न झाला.

कायदे नाहीत असं नाही. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाण नको, असं सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये त्या आदेशातल्या इतर अटी सैल झाल्या, खाणबंदी राहिली. माधव गाडगीळ समितीनं २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीनं २०१३ मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिले. किती क्षेत्र राखायचं यावर दोघांत मोठा फरक होता, पण संवेदनशील भागात नव्या खाणी नकोत यावर नव्हता. त्यानंतर केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. त्याच्या आदल्याच पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता. मसुद्यात महाराष्ट्राचं क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर आहे. विरोधही आहे, आणि तो फक्त खाणवाल्यांचा नाही. गावकऱ्याला भीती वाटते, की उद्या मला घर बांधायलाही परवानगी लागेल का? पिकात गवा शिरतो, त्याच्या भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात. खाणीत निदान रोजगार मिळतो, ट्रकला भाडं मिळतं. हे बोलणं खोटं नाही. शहरातल्या माणसानं त्याला निसर्गप्रेमाचे धडे देऊ नयेत.

माझ्या घरात लहानपणापासून एक शब्द ऐकत आलो, ‘अमानत’. दुसऱ्यानं विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू. ती वापरायची नाही, मोडायची तर नाहीच. मागायला येईल त्याला जशीच्या तशी परत द्यायची. १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की नद्या, जंगलं यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. आपल्या गावांनी देवराया राखल्या त्या याच भावनेनं. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नेम कुठल्या खात्यानं घातला नव्हता.

पण अमानत सांभाळणाऱ्याला उपाशी ठेवून राखण होत नाही. सड्याखालच्या गावांनी पाणी राखलं, त्या पाण्यावर खालचा ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, आमचं शहर वाढलं. त्या पाण्याच्या पैशातला वाटा वर जातो का? वनहक्क, पीकनुकसानीची भरपाई, जंगल पर्यटनातलं उत्पन्न या गोष्टी गावाच्या हाती वेळेवर पडल्या, तर ग्रामसभा खाणीला ‘नको’ म्हणायला कुणाची वाट पाहणार नाही. तिला विचारलं मात्र पाहिजे, आणि तिचं उत्तर ऐकलंही पाहिजे.

बॉक्साइट एकदाच काढता येतं. झरा दरवर्षी देतो. जो दरवर्षी देतो त्याला आपण खराबा म्हणतो, एवढी एक नोंद तरी आता दुरुस्त व्हायला हवी. तलाठ्याच्या दप्तरात होईल तेव्हा होवो, आपल्या बोलण्यात ती आजपासून करता येईल.