वास आणि आठवण

वास आणि आठवण यांचं नातं फार जवळचं आहे.
पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. निक्सन अब्राहम आणि त्यांचे सहकारी हेच नातं उंदरांमध्ये तपासतात.

डोळ्यांचे, कानांचे, त्वचेचे संदेश आधी मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावर थांबतात.
त्याचं नाव थॅलॅमस.
वासाचा संदेश तिथे थांबत नाही.
नाकातून तो मेंदूतल्या घ्राणकंदात जातो…
आणि तिथून थेट भावना व स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे.
म्हणून तर हिमायतनगरच्या काळ्या मातीवर मृगाचा पहिला पाऊस पडला,
की त्या वासासरशी लहानपण आठवतं.

पुण्यातला एक प्रयोग मोठा मजेशीर आहे.
नराचा गंध कुठे होता, ती जागा उंदराची मादी लक्षात ठेवते.
पण त्याला नुसतं नाक पुरत नाही.
मिश्याही लागतात!
मिश्या कापल्या, की ती जागा तिला नीट आठवत नाही.
म्हणजे इथे आठवण एकट्या नाकाची नाही;
वास आणि स्पर्श मिळून ती घडते.

२०२० मध्ये, कोविडच्या काळात,
याच गटाने माणसांची वास ओळखण्याची क्षमता यंत्राने मोजली.
लक्षणं नसलेल्या अनेक बाधितांची ही क्षमता कमी झालेली आढळली.
त्यांच्या स्वतःच्या मात्र ते ध्यानातही आलं नव्हतं.