आपली मोटार आणि आपली मुले
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या या व्यासपीठावर लोणच्यांपासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषय झाले. आज मी मोटारीच्या देखभालीवर बोलणार हे कळल्यावर "हा तर पुरुषांचा विषय" असे काहीजणी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले आहे. त्यांना प्रथम इतिहासातली एक गोष्ट सांगते.

सन १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बेर्टा बेंझ ही बाई, पती कार्ल बेंझ यांनी बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी निघाली. बरोबर १५ व १३ वर्षांचे दोन मुलगे. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजला, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. इंधन संपत आले, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून जगात जो ओळखला जातो तो हाच. तेव्हा विषय कोणाचा, हे आपणच ठरवावे!

आमच्या घरी महिन्याचा पहिला रविवार गाडीचा असतो. किल्ली काढून माझ्या पदराला बांधते आणि मग मुलांना हाक मारते. धाकटा नऊ वर्षांचा. त्याच्याकडे फडके आणि तेलाची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून पाहायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. मुलगी तेरा वर्षांची. ती टायर पाहते. हवा किती हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर लिहिलेले असते, आणि ती गाडी फिरण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. स्टेपनी विसरू नये. वेळेला तीच दगा देते.

टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरांचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर बदललाच पाहिजे. खाच नसली तर पावसात पाण्याला वाट मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक लागत नाही. गेल्या श्रावणात कोकणात जाण्याच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, मागचं डावं चाक बघ, उंचवटा टेकलाय." आम्ही निघणे एक दिवस पुढे ढकलले, टायर बदलले आणि मगच भर पावसात घाट उतरलो. त्या दिवसापासून शेजारच्या आजी "मुलीला कशाला ही काळी कामे?" असे विचारीत नाहीत.

मात्र धीटपणा निराळा आणि अविचार निराळा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांहूनही अधिक तापलेले असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. बॅटरीजवळ ज्योत नको. विजेवरच्या गाडीतील नारिंगी तारांना हात लावू नये. ब्रेकचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. जुने तेल गटारात ओतू नये. ते गॅरेजमध्ये पोचवावे. आणि गाडी कळली म्हणजे चालवायला मिळाली, असा मुलांचा समज होऊ देऊ नये. सन २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीने गुन्हा घडल्यास पालकांना पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यात पैसे वाचतात, पण तो लाभ लहान. मोठा लाभ असा की, वस्तू बिघडण्यापूर्वी तिच्याकडे पाहावे, हे मुलांच्या अंगवळणी पडते. हात काळे झाल्यावर गॅरेजमधल्या कारागिराला "अरे" म्हणण्याऐवजी "दादा" म्हणावेसे वाटते. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो; वर्षभर बॉनेट मात्र उघडीत नाही. पूजा अवश्य करावी, पण जिची पूजा केली तिची निगाही राखावी.

पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात या. जुने फडके आणावे, आणि मुलांबरोबर मुलींनाही आणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.