बुजलेला ओढा

आमच्या वरवंडच्या तळ्यात पाणी येते ते खडकवासल्याच्या कालव्याने. माणसेही कधी तिकडूनच येतात, मी त्यांतलाच. माझे लहानपण पुण्यात, दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याकाठी गेले. उन्हाळ्यात आम्ही पोरे दगडांवरून उड्या मारीत पलीकडे जायचो. पाणी घाण होते म्हणा, आई ओरडायची.

हा ओढा कात्रजहून येतो. पूर्वी तो पेठांतून, आजच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूने वाहत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तो पर्वतीकडून वळविला. पुढे काठांवर भिंती चढल्या, पात्र आवळत गेले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडे धो धो पाऊस पडला आणि पाणी घराघरांत शिरले. कितीतरी माणसे गेली. मग 2021 च्या जूनमध्ये, ओढा सरळ करायचा म्हणून, आमच्या वस्तीतली घरे पाडली गेली. माझा उंबरा कुठे होता, ते आता मला दाखविता यायचे नाही.

गुरुजी, तुमच्या शिवारातला एखादा ओढाही नांगराखाली गेला असेल. म्हाताऱ्यांना विचारून मुलांकडून तो नकाशावर काढून घ्या. आमच्या शेजारच्या आजींनी परवाच मला असा एक दाखविला. त्यावर सध्या ऊस उभा आहे.