शूटिंग आधी, पशुपतिनाथ मग
आमच्या गटातल्या एका काकूंची सून व्हिडिओ शूटिंगसाठी काठमांडूला निघाली. काकूंनी बजावलं, "काम झालं की लगेच परत यायचं." मी म्हटलं, काकू, पशुपतिनाथाच्या दारात जाऊन दर्शन न घेताच यायचं होय? राहू दे की दोन दिवस जास्त! मात्र काम संपल्यावर, आणि स्वतःच्या पैशानं. आधी फिरलं आणि नंतर पावसानं शूटिंग अडलं, तर हाताशी दिवस उरत नाही.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण निघताना विमानतळावर कस्टमला कॅमेरा दाखवून दाखला घ्यायचा. नाहीतर परतताना, नवा आणलाय म्हणून कर मागू शकतात. जादा बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत ठेवायच्या.

तिनं भक्तपूरही पाहिलं. काकू आता सगळ्यांना फोटो दाखवत फिरतात.