खोडा कोणी घातला?



मी गोदीतला कामगार. मॅट्रिक झालेला. कोशकार नाही. पण ओझं उचलल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही, एवढं मला ठाऊक आहे. शब्दांचंही तसंच.

आज 'खोडा घालणे' एवढाच वाक्प्रचार उचलू. पेपरवाले लिहितात, अमक्यानं कामात खोडा घातला. म्हणजे अडथळा आणला. पण खोडा मुळात शिक्षा होती. झाडाचं जाडजूड खोड उभं चिरायचं, दोन्ही फाळक्यांत अर्धी-अर्धी भोकं पाडायची, माणसाचे पाय त्यात ठेवायचे आणि वरचं फाळकं बसवून खीळ ठोकायची. झालं! ना उठता येतं, ना कूस बदलता येते. घालणारा सत्तेवाला, अडकणारा गरीब. यात घोटाळा नव्हता.

ते लाकूड गेलं म्हणता? चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला 21 ऑगस्ट 2021 रोजी भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात बांधून मारलं. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसं होती. जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झाला होता. खोडा गेला, खांब राहिला.

दुसरा खोडा कागदाचा. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याला फाशी दिली. वीस वर्षांनी, 1878 ला जंगल कायदा आला. राखीव जंगलात परवानगीशिवाय पाय टाकला की गुन्हा! 1927 च्या कायद्यात तर बांबूसुद्धा 'झाड' म्हणून लिहिला. गोंड-माडियांचे पाय तिथं अडकले. पुढं 2006 चा वनहक्क कायदा आला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा भांडली, आणि 2011 ला बांबूचा वाहतूक परवाना तिच्या हाती आला. तेव्हा कुठं एक खीळ निघाली.

आता गंमत बघा. एटापल्ली तालुक्यातल्या ग्रामसभा बोलल्या, सुरजागडच्या डोंगरावर लोखंडाची खाण नको. अशा लोकांना काय म्हणतात? विकासात खोडा घालणारे! ज्याचे पाय खोड्यात, तोच खोडा घालणारा? अरे, वाक्यातला कर्ताच चोरला की!

तेव्हा दोस्तहो, पुढं कोणी 'खोडा घातला' म्हणालं, तर गप्प बसू नका. विचारा : पाय कोणाचे होते? आणि खीळ कोणी ठोकली?